साडेनऊचे ऊन आणि चालण्याचा नेम

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका गावातून आलेल्या पत्राचा हा सारांश आहे. नावगाव अर्थातच वगळले आहे. पत्रलेखिका ५१ वर्षांच्या गृहिणी आहेत. रक्तदाबाची गोळी त्यांना काही वर्षांपासून सुरू आहे. गेल्या वर्षी तपासणीत रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले. नोव्हेंबरपासून त्यांनी हा नेम निष्ठेने पाळला आणि मार्चमधील तपासणीत साखर उतरल्याचेही दिसले. मुलाचा डबा, पतीची कुंडईच्या कारखान्यातील पाळी आणि सासूबाईंचे औषधपाणी आटोपून त्या सकाळी साडेनऊला बाहेर पडतात आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या माळावर, जाणाऱ्या रस्त्याने टोकापर्यंत जाऊन परततात. एप्रिलच्या अखेरीस परतीच्या वाटेवर मानकुराद आंबे विकायला बसलेल्या एका बाईपाशी त्या भाव करायला थांबल्या आणि उभ्या उभ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावर काटा आला, मळमळू लागले. त्या बाईने सावलीत बसवून पाणी पाजले. दहा मिनिटांनी बरे वाटल्यावर त्या उन्हातूनच चालत घरी आल्या. तेव्हापासून पती आणि मुलगा यांचे म्हणणे असे की पाऊस पडेपर्यंत चालणे बंद; फार तर घरातल्या घरात फेरी मारावी, असे पती सुचवतात. जाड जाकीट घालून चालणारी मैत्रीण मात्र सांगते की घाम जितका जास्त तितकी चरबी लवकर वितळते, शरीराला सवय होते, थांबू नकोस. लेखिका विचारतात, “आमच्या आया उन्हातान्हात दिवसभर शेतात राबल्या, त्यांना काही झाले नाही. मग मला पाऊण तास चालणे का झेपू नये? नेम मोडला तर साखर पुन्हा चढेल ही भीती वाटते. चालू ठेवू की बंद करू?”

ताई,

चालण्याचे काय करायचे ते ठरवण्याआधी डॉक्टरांकडे एकदा जाऊन या आणि आंबेवालीपाशी घडलेला प्रसंग मला लिहिला आहे तसाच, काहीही न गाळता, त्यांना सांगा. ऊन हेच त्या चकरेचे सर्वांत संभाव्य कारण दिसते. तरीही पन्नाशी ओलांडलेल्या आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत केवळ ऋतू पाहून निदान करणे योग्य नाही. त्या वेळी छातीत दडपण, धडधड किंवा जबड्यात-हातात कळ जाणवली होती का, हे तुमच्या पत्रात नाही आणि डॉक्टर ते नक्की विचारतील. गोळीचे पाकीट बरोबर न्या. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकणारा घटक असतो, तर काही गोळ्या हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाहीत. हिवाळ्यात बिनतक्रार चाललेली मात्रा घामाच्या दिवसांत, त्यातही चालून वजन थोडे उतरल्यानंतर, जास्त होऊ शकते. मात्रा कमी करायची, गोळीची वेळ बदलायची की काहीच बदलायचे नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. आपण होऊन गोळी बंद करू नका. घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर सकाळी एकदा बसून आणि मग उभे राहून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एकदा मोजा आणि चार-पाच दिवसांचे आकडे कागदावर लिहून न्या. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर त्या कागदाचा फार उपयोग होईल.

आता त्या दिवशी काय झाले असावे ते पाहू. चालताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो आणि उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बरेचसे रक्त त्वचेकडे वळते. आपण चालत असतो तोवर पोटऱ्यांचे स्नायू दर पावलागणिक आवळून पायांतले रक्त वर ढकलत असतात. तुम्ही भाव करायला उभ्या राहिलात तेव्हा पोटऱ्यांचे काम थांबले, रुंदावलेल्या वाहिन्या मात्र तशाच राहिल्या. रक्त पायांत साचले, मेंदूला क्षणभर ते कमी पडले आणि अंधारी आली. चक्कर चालताना न येता थांबल्यावर आली, हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा आहे आणि डॉक्टरांना तो आवर्जून सांगा. वेगाने चालून आल्यावर एकदम उभे न राहता चार-पाच मिनिटे रेंगाळत चालावे, ओळखीचे कोणी भेटले तर बोलताबोलता पाय हलवत राहावे किंवा सरळ बसून घ्यावे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

काटा आणि मळमळ यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. भर उन्हात अंगावर शहारा येणे, डोके ठणकणे, घाम असूनही कातडी गार आणि चिकट लागणे ही शरीर उष्णतेने थकल्याची लक्षणे आहेत. थंडी वाजल्यासारखे झाले म्हणजे अंग गार पडत आहे, असा समज करून घेऊन अनेक जण तसेच पुढे चालत राहतात. आंबेवालीने तुम्हाला सावलीत बसवले ते अगदी बरोबर केले. आडवे करून पाय थोडे उंच ठेवले असते तर आणखी लवकर बरे वाटले असते. त्यानंतर त्याच उन्हातून त्याच रस्त्याने चालत येणे मात्र टाळायला हवे होते. अशा वेळी घरी फोन करून स्कूटर मागवावी, त्या दिवसाचा व्यायाम संपला असे समजावे आणि दुसऱ्या दिवशीही विश्रांती घ्यावी.

तुम्ही लिहिता की मोबाईलवर तर ३२ अंशच दिसत होते. विदर्भातले ४४ अंश बातम्यांत ऐकणाऱ्या आपल्याला ३२ म्हणजे काहीच वाटत नाही, पण गोव्यात हा आकडा एकटा वाचून चालत नाही. घाम येण्याने अंग थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम कपाळावरून ओघळून खाली पडतो आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर अंगाला ते सुमारे ४१ अंशांसारखे जाणवते, आणि हा हिशेबही सावलीतला आहे; थेट उन्हात त्यात आणखी काही अंशांची भर पडते. खेळाडूंसाठी आणि सैनिकांसाठी उष्णतेचा जो निर्देशांक वापरला जातो त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन आहे, उन्हातल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि आपण रोज वाचतो त्या साध्या तापमानाला केवळ १० टक्के, यावरून आर्द्रतेचा वाटा किती मोठा आहे ते लक्षात यावे.

उष्णतेच्या लाटेचा इशारा नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारी भागात कमाल तापमान ३७ अंशांवर पोहोचले आणि ते नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असले तर लाट म्हणतात. मार्च २०२३ मध्ये अशाच इशाऱ्यामुळे गोव्यातील शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या होत्या. मे महिन्यातले ३३-३४ अंशांचे घामट दिवस मात्र या निकषात बसत नाहीत, आणि चालणाऱ्याची दमछाक करणारे दिवस बहुतेक तेच असतात. मोबाईलवर पाहायचेच असेल तर ‘जाणवणारे तापमान’ आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते तो अंश) पाहा. आर्द्रतेची टक्केवारी पहाटे ९० च्या घरात आणि दुपारी ६०-६५ दिसते, म्हणून काहींना दुपारची हवा कोरडी वाटते. प्रत्यक्षात हवेतले बाष्प दिवसभर जवळजवळ तेवढेच असते आणि दवबिंदू ते सांगतो. तो २४ अंशांच्या वर असेल तर त्या दिवशी चाल मंद ठेवायची, वेळ कोणतीही असो.

तुमच्या आईच्या पिढीचा दाखला तुम्ही दिला आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे, कारण हा दाखला जवळजवळ प्रत्येक घरात दिला जातो. वायंगण म्हणजे उन्हाळी भाताच्या शेतात वाकून काम करणाऱ्या किंवा काजूच्या डोंगरावर बोंडू गोळा करणाऱ्या त्या बायका उजाडताच कामाला लागत, दहा-साडेदहाला पेज घेऊन बसत, डोक्यावर कापड असे आणि ऊन माथ्यावर आले की झाडाखाली अंग टाकत. त्यांच्या कामाला घड्याळाने बांधलेला वेग नव्हता. दमले की हात आपोआप मंदावत. शिवाय उन्हाळा त्यांच्यावर एकदम येत नसे. रोज उन्हात असणाऱ्या शरीरात दहा-चौदा दिवसांत खरोखरच बदल होतात: रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जाते, तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. दिवसाचे तेवीस तास पंख्याखाली किंवा स्वयंपाकघरात आणि एक तास सड्यावर, अशा दिनक्रमात ही सवय अर्धवटच लागते. आणि त्यांना काही झाले नाही, हे तरी आपल्याला कुठे नक्की माहीत आहे? ऊन बाधून चार दिवस अंथरुणाला खिळलेल्या बायकांची नोंद कोणी ठेवत नसे. ‘नजर लागली’ म्हणून मिरच्या-मीठ ओवाळून विषय संपत असे.

मैत्रिणीच्या जाकिटाबद्दल मी स्पष्टच लिहिते: ते तिनेही काढावे. घामावाटे जाते ते पाणी आणि मीठ. काट्यावर अर्धा किलो कमी दिसते आणि दोन भांडी पाणी प्यायल्यावर ते परत येते. चरबी जळते तेव्हा तिचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो, त्वचेवाटे वितळून नाही. ती किती जळणार हे तुम्ही किती काम केले यावर ठरते आणि जाकीट घालून माणूस लवकर थकतो, म्हणजे काम उलट कमीच करतो. जाकिटामुळे घाम वाळत नाही, त्यामुळे शरीराने उष्णता बाहेर टाकण्यासाठी योजलेला एकमेव प्रभावी मार्ग आपणच बंद करतो. सवयीबद्दल ती म्हणते ते अर्धे खरे आहे. मात्र सवय झालेल्या शरीराला घाम जास्त येतो, तो दमट हवेत वाळवून दाखवण्याची शक्ती कोणत्याही सवयीत नाही, आणि गोळीचा परिणामही सवयीने पुसला जात नाही.

घरच्यांच्या म्हणण्यात काळजी आहे आणि पहिले काही दिवस त्यांचे ऐकणेच इष्ट आहे. डॉक्टरांची भेट होईपर्यंत उन्हातले चालणे थांबवा. पण पाऊस पडेपर्यंत पूर्ण बंद हा सल्ला मला पटत नाही. गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात स्थिरावतो, म्हणजे महिनाभराहून अधिक खंड पडेल. मग ‘आता पावसात कुठे जायचे’ असे वाटू लागते आणि चतुर्थीपर्यंत नेम विस्मरणात जातो. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात आणि हा परिणाम शेवटच्या व्यायामानंतर फार तर एक-दोन दिवस टिकतो; तुमची भीती त्या अर्थाने रास्त आहे. पतिराजांनी सुचवलेली घरातली फेरी वाईट नाही, फक्त बंद खोलीत वारा नसतो हे ध्यानात ठेवून पंख्याखाली आणि खिडक्या उघड्या ठेवून ती मारावी.

तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला सर्वांत अधिक खटकले ते साडेनऊ. हा आकडा तुम्ही निवडलेला नाही. सगळ्यांचे सगळे करून झाल्यावर जो तास उरतो तो तुमच्या वाट्याला आला आणि एप्रिल-मेमध्ये नेमका तोच भाजणारा निघाला. उन्हाळ्यात पहाटे चाला, असे कोणीही सांगेल आणि तेही तुम्हाला कोणी सांगितले असणारच. तुम्ही लिहिले आहे की पाचला उठता ते डब्यासाठी आणि अंधारात वाटेवर कुत्री असतात. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, आणखी लवकर उठा असे सांगून त्या सुटणार नाहीत. पण या दिवसांत सूर्य सहा-सव्वासहाला उगवतो. सव्वासहा ते पावणेसात हा अर्धा तास उजेडाचा असतो, उन्हाचा नसतो आणि तेव्हा रस्त्यावर पोदेर (पाववाले), दूधवाले, देवळात जाणारी माणसे असतात. आठवड्यातले तीन-चार दिवस हा अर्धा तास मोकळा करायचा असेल तर त्या दिवशी मुलाने आपला डबा आपण भरून घ्यावा, भाजी तुम्ही आदल्या रात्री चिरून ठेवावी आणि पाळी नसेल तेव्हा सासूबाईंचा चहा पतींनी करावा. तुमच्या तब्येतीच्या काळजीने चालणे बंद करायला सांगणाऱ्या माणसांना हे जड जाऊ नये. हा मुद्दा तुम्ही त्यांच्यापुढे मांडलेला पत्रावरून दिसत नाही, मांडून पाहा. शेजारच्या एक-दोन बायका बरोबर आल्या तर कुत्र्यांचा प्रश्नही बराचसा सुटतो, हातात काठी असली की उरलेला.

सकाळ जमत नसेल तेव्हा संध्याकाळ. सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, साडेसहानंतर उन्हाची धार गेलेली असते आणि समुद्रावरचा वारा फोंड्यापर्यंत मंदावून का होईना पोहोचलेला असतो. डांबर आणि जांभा दगड दिवसभराची उष्णता तेव्हाही बाहेर टाकत असतात, म्हणून सड्यापेक्षा झाडांची वाट किंवा देवळाचे मोकळे आवार बरे. पणजीकरांना आल्तिनोवरचे जॉगर्स पार्क आहे, मिरामारची वाळू आहे. गावात राहणाऱ्यांना शाळेचे मैदान पुरते.

दुसरी गोष्ट पाऊण तासाची. डॉक्टरांनी सांगितलेला पाऊण तास एका दमात चालायलाच हवा असे तुम्ही धरून चालला आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगतात आणि एका वेळी किमान दहा मिनिटे झालीच पाहिजेत ही पूर्वीची अट त्यांनी काढून टाकली आहे. रोजची ४५ मिनिटे म्हणजे आठवड्याला ३१५. मे महिन्यात त्यातली शंभर मिनिटे कमी झाली तरी तुम्ही त्या मर्यादेत आरामात आहात. तुमच्यासारख्या साखर सीमेवर असलेल्यांसाठी तर तुकडे करणे अधिक फायद्याचे, कारण जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले की जेवणाने चढणारी साखर कमी चढते. दुपारच्या जेवणानंतर सोप्यावर किंवा पंख्याखाली पंधरा मिनिटे, रात्रीच्या जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटे आणि सकाळी किंवा संध्याकाळी बाहेर वीस मिनिटे, एवढे केले की पाऊण तासाहून जास्तच होते आणि उन्हाशी गाठ पडत नाही. त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितला आहे, ज्याकडे चालणारी मंडळी सहसा दुर्लक्ष करतात. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे हे सगळे घरात होते. उन्हाळा हा त्यासाठी चांगला मुहूर्त समजा.

इतके करूनही एखाद्या दिवशी साडेनऊशिवाय वेळ नसेल, तर सड्याचा रस्ता सोडा. तो रस्ता सरळ जाऊन सरळ परत येणारा असल्यामुळे तुम्ही सर्वांत थकलेल्या असता तेव्हा घरापासून सर्वांत दूर असता, आणि परतीचा भाग अधिक तापलेल्या वेळी पडतो. त्यापेक्षा कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, कडेने छोटी फेरी निवडा, जिचे दर वळण घरावरून जाते. दहा मिनिटांनी घराशी आल्यावर अंगाचा कौल घेऊन मगच दुसरी फेरी घ्यावी. कुळागरात वारा पडलेला असतो आणि शिंपण्यामुळे दमटपणा थोडा जास्त असतो हे खरे, तरी डोक्यावरचे ऊन चुकते हा फायदा त्याहून मोठा आहे. छत्री घ्या. पावसात छत्री आणि उन्हात मात्र लाज, हे मला आजवर उमगलेले नाही. सैल, फिकट, सुती कपडे घाला आणि मानेभोवती ओला पंचा ठेवा. वेग घड्याळावर न ठरवता श्वासावर ठरवा: सोबतीणीशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, गाणे मात्र म्हणता येऊ नये, एवढाच दम लागावा. जानेवारीत ज्या श्रमात चार किलोमीटर होत होते त्याच श्रमात मे महिन्यात तीन झाले तर तुम्ही मागे पडलेल्या नाहीत. तुमचे हृदय चालण्याबरोबर अंग थंड ठेवण्याचे दुसरे कामही करत आहे.

पिण्याबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात. व्यायामाच्या वेळी पाणी पिऊ नये हा जुना समज सोडून द्या. उलट भांडीच्या भांडी ओतून घेणेही चुकीचे, कारण तासन्‌तास व्यायाम करताना नुसते पाणी अति प्यायल्याने रक्तातील सोडियम घसरून जीवावर बेतू शकते. तुम्ही निघण्याच्या अर्धा तास आधी एक भांडे पाणी प्या, बाटली बरोबर ठेवा, तहान लागली की घोट घ्या, परतल्यावर पुन्हा प्या. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे. वीस-तीस मिनिटांच्या चालण्यासाठी क्षारांची पुडी लागत नाही. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत रोज पिणे तर तुमच्यासारखीला दोन्हीकडून नुकसानीचे, साखर एकीकडे आणि रक्तदाब दुसरीकडे. बिनसाखरेचे कोकम किंवा पातळ ताक चालेल, त्यात मीठ बेताचे. उकड्या तांदळाची पातळ पेज घोटभर उत्तम, फक्त ती भातच आहे हे विसरू नका आणि तोंडी लावायला खारातला आंबा असेल तर फोडीवर थांबा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास ते रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. खिशातल्या कांद्याने कोणाचे वाईट होत नाही, पण त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नये. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, मोसमात सकाळी धावायला जाणाऱ्या पुरुष वाचकांसाठीही एक वाक्य: आदल्या रात्रीची दारू शरीरातले पाणी कमी करून ठेवते, तेव्हा त्या सकाळी अंथरुणातच पडून राहणे शहाणपणाचे.

तुमच्या निमित्ताने धावणाऱ्या आणि मैदानावर खेळणाऱ्या तरुणांच्या पालकांनाही काही सांगायचे आहे. पोलीस भरतीसाठी पळणारी किंवा दुपारी चारला फुटबॉलला उतरणारी मुले धडधाकट असतात, म्हणून त्यांना ऊन लागणार नाही असे वाटते. श्रमातून होणारा उष्माघात प्रामुख्याने अशाच जिद्दी, थांबायला तयार नसणाऱ्या मुलांना गाठतो. त्यात अंगातले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पहिली खूण बहुधा वागण्यात दिसते: मुलगा असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो, झोकांड्या खातो. अंग कोरडे पडते असे आपण ऐकलेले असते, पण अशा मुलाचे अंग घामाने निथळत असू शकते, म्हणून त्या खुणेची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एक मिनिटही न दवडता त्याला थंड करावे. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, बादल्यांनी पाणी ओतत राहावे, वारा घालावा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवावा. थंड पाण्याच्या टाकीत डोके वर धरून बसवता आले तर त्याहून परिणामकारक काहीच नाही. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, आणि तापाची गोळी इथे काम करत नाही. मे महिन्यात मुंबईहून किंवा परदेशातून सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांनी पहिल्याच सकाळी किनाऱ्यावर नेहमीचे दहा किलोमीटर धावू नये. पहिला आठवडा निम्म्या अंतराचा ठेवावा आणि मग हळूहळू वाढवावे.

तुमच्यासाठी पुढचे वेळापत्रक साधारण असे राहील. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर पहिले चार-पाच दिवस बाहेर पंधराच मिनिटे, सावलीत, सोबतीने. काही त्रास नसेल तर दर दोन दिवसांनी पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासावर थांबा आणि मेभर तेवढेच ठेवा. पुन्हा अंधारी आली, तर तो दिवस ऊन नसलेला असला तरी डॉक्टरांना कळवा. वळवाची सर पडून गेल्यावर लगेच ऊन निघते तेव्हा रस्त्यावरून वाफा उठतात. पाऊस झाला म्हणून तो तास थंड समजू नका. जूनमध्ये ढग भरून आले की साडेनऊला चालायला हरकत नाही, पण मध्येच चार दिवस उघडीप मिळाली तर मेचेच नियम लावा. पावसाळाभर घरातच व्यायाम झाला तर उन्हाची सवय काही आठवड्यांत ओसरलेली असते, त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा आणि सड्याचा रस्ता नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवा.